ज्याचा त्याचा खुराक

(वराहपालक कास्तकारांसाठी : डुकराच्या खाद्यशास्त्राची दोनशे वर्षांची हकीकत)



घरात ताटं वाढताना माउली सगळ्यांना एकाच मापानं वाढत नाही. वखर हाकून आलेल्या गड्याला ती चार भाकरी वाढते, म्हाताऱ्याला मऊ भात कालवून देते, आणि पाळण्यातल्या पोराला यातलं काहीच देत नाही. कोणाला काय आणि किती, हे तिला पुस्तकात पाहावं लागत नाही. गोठ्यात मात्र आपण हे विसरतो. एक टोपलं भरतो आणि लहानमोठ्या सगळ्या जनावरांपुढं रिकामं करतो. कोणी जास्त खातो, कोणी उपाशी राहतो, आणि विक्रीच्या दिवशी काट्यावर हिशेब जुळत नाही.

वराहपालनात ही चूक फार महाग पडते. डुकरे पाळायला जो खर्च येतो, त्यातला निम्म्याहून बराच अधिक एकट्या खाद्याचा असतो. म्हणून या पत्रिकेत डुकराच्या खुराकाची हकीकत सांगायची आहे. ती थोडी जुनी आहे, थोडी परमुलखातली आहे. पण तिचे शेवटचे पान यवतमाळच्या शेजारच्या लोहाऱ्यात, तुमच्या वाड्यातच लिहायचे आहे.

एक ढेप, दोन जनावरे

आपला मुलूख कापसाचा. जिनिंगमध्ये रुई वेगळी होते, सरकी उरते, सरकीचे तेल निघते आणि मागे ढेप राहते. लोहारा असो, दारव्हा असो की पांढरकवडा, म्हैस असलेल्या घरी सरकीची ढेप ओळखीची असतेच. ढेप खाल्ली की दुधाला फॅट लागते, हा सर्वांचा अनुभव. मग एखाद्याने चार डुकरे पाळली, तर त्याच्या मनात सहज येते की म्हशीला मानवते ते डुकराला का मानवू नये?

हाच विचार अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता. तिकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सरकीच्या तेलाच्या गिरण्या वाढल्या आणि पेंडीचे ढीग लागले. गुरांना ती मानवली. डुकरांनीही पहिले काही आठवडे ती आवडीने खाल्ली. नंतर काही डुकरांना धाप लागू लागली, त्यांनी खाणे सोडले, आणि काही तर आदल्या दिवशी धडधाकट दिसली नि सकाळी मेलेली आढळली. चिरून पाहिले तर छातीत आणि पोटात पाणी साचलेले. कुणाला वाटले रोग आला, कुणाला वाटले पेंड बुरसली.

१९१५ मध्ये उत्तर कॅरोलिना राज्यातल्या विदर्स आणि कॅरुथ या संशोधकांनी खरा चोर पकडला. सरकीचा गर चिरला तर त्यात बारीक काळपट ठिपके दिसतात. त्या ग्रंथींत गॉसिपॉल नावाचे पिवळे द्रव्य असते. पराटीने किडीपासून आणि उंदरांपासून स्वतःच्या बियांचे रक्षण करण्यासाठी ते बाळगलेले असते. तेच डुकराला विष होते.

मग म्हैस कशी वाचते? म्हशीला चार कप्प्यांचे पोट आहे. पहिल्या मोठ्या कप्प्यात अन्न आंबते, तिथले जिवाणू त्यावर काम करतात, आणि बरेचसे गॉसिपॉल तिथेच प्रथिनांशी बांधले जाऊन निकामी होते. डुकराचे पोट माणसासारखे एकाच कप्प्याचे. तिथे असा पहारेकरी नाही. लहान वासराचाही तो मोठा कप्पा तयार झालेला नसतो. म्हणून वासरालाही सरकीची ढेप सोसत नाही.

याच्यातली फसवणूक लक्षात घ्या. विष एका दिवसात दिसत नाही. ते अंगात साचत जाते आणि कित्येक आठवड्यांनी, कधी दोन-तीन महिन्यांनी, जनावर पडते. तोवर तुम्ही त्याच्यावर बहुतेक सगळा खर्च केलेला असतो. म्हणून सांगणे एवढेच की सरकीची ढेप म्हशीच्या दावणीत राहू द्या, डुकराच्या कुंडीत टाकू नका. पुस्तकात डुकराच्या खाद्यासाठी मोकळ्या गॉसिपॉलची मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत सांगितलेली असते. पण आपल्या हातातल्या ढेपेत ते किती आहे हे प्रयोगशाळेत तपासल्यावाचून कळत नाही. लोहाच्या क्षाराने त्याचा जोर मोडतो हेही शास्त्रज्ञांना ठाऊक होते, परंतु तो घरगुती उपाय नव्हे.

सरकीतून हे विषच काढून टाकावे म्हणून पुढे प्रयत्न झाले. अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात ग्रंथी नसलेली पराटी तयार झाली, पण पहारा उठल्यावर किडी आणि उंदीर तिच्यावर तुटून पडले. २००६ मध्ये टेक्सास इथे मूळचे भारतीय शास्त्रज्ञ कीर्ती राठोड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडात विष ठेवून फक्त बियांतून ते कमी करण्याची युक्ती प्रसिद्ध केली. २०१८ आणि २०१९ मध्ये त्या वाणाला अमेरिकेच्या सरकारी खात्यांची परवानगी मिळाली. आपल्या गावची ढेप मात्र त्या वाणाची नाही, हे विसरू नका.

गवताच्या मापाने मोजणी

आता जरा मागे जाऊ. कोणत्या जनावराला किती खायला घालावे, हे मोजायची सुरुवात जर्मनीत झाली. १८१० च्या सुमारास आल्ब्रेख्ट थेअर या शेतीतज्ज्ञाने एक सोपे माप काढले. अमुक इतके बटाटे म्हणजे किती वाळल्या गवताच्या बरोबरीचे, अमुक इतकी कंदमुळे म्हणजे किती गवत, असे प्रत्येक चाऱ्याचे मोल त्याने गवतात सांगितले. आपल्याकडे बलुतेदाराला धान्याच्या मापाने मोबदला देत, तसाच हा प्रकार.

१८६० च्या दशकात जर्मनीतल्याच वेंडे या ठिकाणी हेन्नेबर्ग आणि स्टोमान यांनी चाऱ्याचे रासायनिक पृथक्करण करण्याची पद्धत घालून दिली. पाणी किती, राख किती, प्रथिने किती, चरबी किती, चोथा किती. आज तुम्ही पशुखाद्याच्या पोत्यावर ‘कच्ची प्रथिने अमुक टक्के, तंतू तमुक टक्के’ असे वाचता ना, ती भाषा त्या प्रयोगशाळेतून आलेली आहे. १८६४ मध्ये वोल्फ याने पचणाऱ्या घटकांवरून जनावरांच्या गरजेचे कोष्टक मांडले, आणि १९०५ मध्ये केलनर याने चाऱ्याची ताकद पिठूळ पदार्थाच्या मापात सांगितली.

काम मोठे होते. पण या सगळ्यांच्या मनात जनावर म्हणजे एक भट्टी होती. इतके लाकूड घातले की इतकी आच निघणार. भट्टी आणि भट्टी यांत फरक असतो, हे अजून कुणी नीट पाहिले नव्हते.

रसायन सारखे, जनावर वेगळे

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९०७ ते १९११ या काळात एक प्रसिद्ध प्रयोग झाला. सोळा कालवडींचे चार गट केले. एका गटाला सगळे खाद्य मक्याच्या झाडापासूनचे, दुसऱ्याला गव्हाचे, तिसऱ्याला ओटचे आणि चौथ्याला तिन्हींचे मिश्रण. कागदावर चारही खाद्यांतली प्रथिने आणि ताकद सारखी ठेवली होती. म्हणजे कोष्टकाप्रमाणे चारही गट सारखेच वाढायला हवे होते.

प्रत्यक्षात मक्यावरच्या कालवडी तजेलदार राहिल्या आणि त्यांना सशक्त वासरे झाली. गव्हावरच्या कालवडींची वासरे अशक्त किंवा मेलेली जन्मली. कागद खोटा पडला नव्हता, अपुरा पडला होता. खाद्यात असे काही असते की जे तेव्हाच्या पृथक्करणात दिसत नव्हते. पुढे जीवनसत्त्वांचा शोध लागण्याच्या वाटेवर हा प्रयोग एक महत्त्वाचा टप्पा ठरला.

त्याच १९०७ मध्ये डेन्मार्कमध्ये डुकरांची चाचणी केंद्रे सुरू झाली. एका वेतातली चार भावंडे निवडायची, त्यांना ठरलेले खाद्य द्यायचे, कोणी किती खाल्ले आणि किती वजन भरले याची नोंद ठेवायची, असा क्रम होता. सारखेच खाद्य खाऊन एका वेताची भावंडे लवकर वाढत आणि दुसऱ्या वेताची मागे राहत. चांगल्या वेताच्या आईबापांपासून पुढची पैदास घेतली आणि डेन्मार्कची लँडरेस जात नावारूपाला आली. या केंद्रांनी जगाला एक गोष्ट पटवली की टोपले सारखे असले तरी जनावर सारखे नसते.

लायसिन : जोडीतला लंगडा बैल

आता प्रथिनांकडे वळू. प्रथिन ही एकच वस्तू नाही. ते अमिनो आम्ले नावाच्या वीसेक तुकड्यांनी गुंफलेले असते. यांतले काही तुकडे डुकराचे शरीर स्वतः तयार करते, काही त्याला खाद्यातूनच मिळावे लागतात. १९१४ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी उंदरांना मक्यातले एक प्रथिन खायला दिले. उंदीर वाढेनात. त्यात ट्रिप्टोफॅन आणि लायसिन ही दोन अमिनो आम्ले मिसळली, तेव्हा उंदीर वाढू लागले.

डुकराच्या बाबतीत धान्यात सर्वांत आधी तुटवडा पडतो तो लायसिनचा. मका घ्या की ज्वारी, दोन्हींत लायसिन फार थोडे असते. तुम्हाला एक जोडी माहीत असेल. एक बैल दमदार, दुसरा लंगडा. दमदार बैलाला कितीही खुराक चारा, तास निघते ते लंगड्याच्याच चालीने. खाद्यातही तसेच आहे. लायसिन कमी पडले की बाकीची प्रथिने कितीही असोत, मांस तेवढेच बनते जेवढे लायसिन असेल. उरलेली प्रथिने शरीर मोडून टाकते आणि त्यातला नत्र लघवीवाटे बाहेर जातो. वाड्यात डोळे चुरचुरणारा जो उग्र वास येतो, तो बऱ्याच अंशी याच वाया गेलेल्या प्रथिनांचा असतो. वस्तीजवळ डुकरे पाळणाऱ्याला शेजाऱ्यांची बोलणी खावी लागतात, ती या वासापायी. म्हणजे पैसाही जातो आणि शेजारही तुटतो.

सरकीच्या ढेपेची दुसरी खोडही इथेच कळते. ढेप तापवली तर गॉसिपॉल बांधले जाते खरे. पण बांधले जाताना ते लायसिनलाच मिठी मारून बसते. विषाचा जोर कमी झाला तरी डुकराला हवी ती चीज त्याच्यासोबत गेली.

पुढे अमेरिकेत मिचेल आणि इंग्लंडमध्ये कोल यांसारख्या शास्त्रज्ञांनी ‘आदर्श प्रथिन’ ही कल्पना रुजवली. अमिनो आम्लांचे आपसातले प्रमाण डुकराच्या अंगातल्या प्रमाणाशी जुळले पाहिजे, असा तिचा अर्थ. १९८१ मध्ये ब्रिटनच्या कृषी संशोधन परिषदेने हे प्रमाण कोष्टकात छापले. तेव्हापासून लायसिन हा डुकराच्या खाद्याचा मापदंड झाला.

सोयाबीन भाजल्याशिवाय नाही

लायसिन कुठून आणायचे, याचे उत्तर आपल्या वावरात आहे. गेल्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत विदर्भात सोयाबीन पसरले. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन मक्याच्या दहापटीच्या आसपास भरते. पण कच्चे सोयाबीन डुकराला घालू नका. १९१७ मध्ये ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनीच दाखवून दिले की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, उष्णता दिलेल्या सोयाबीनवर वाढतात. कच्च्या दाण्यात प्रथिने पचू न देणारे घटक असतात. भाजले किंवा शिजवले की ते मोडतात. कारखान्यातून तेल काढून आलेली पेंड बहुधा उष्णतेतून गेलेली असते; घरचे भिजलेले, डागी सोयाबीन थेट कुंडीत टाकणे मात्र तोट्याचे. बुरशी धरलेले तर कोणत्याही रूपात नको. बुरशीचे विष भाजल्याने जात नाही.

पक्की फरशी आली आणि पिल्ले पांढरी पडली

वयाप्रमाणे गरज कशी बदलते याचा एक दाखला ऐका. मातीत वाढणारी पिल्ले माती चाटत, उकरत, आणि त्यांना लोह मिळत असे. सुधारणा म्हणून लोकांनी फरशीचे पक्के वाडे बांधले. वाडा स्वच्छ झाला, पण दोन-तीन आठवड्यांची पिल्ले पांढुरकी पडून धापा टाकू लागली आणि दगावू लागली. १९२३-२४ च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी सिद्ध केले की हा लोहाच्या अभावाने होणारा पंडुरोग आहे. पिल्लाला दिवसाला सुमारे ७ मिलिग्रॅम लोह लागते आणि आईच्या दुधातून जेमतेम १ मिलिग्रॅम मिळते. मादी कितीही धष्टपुष्ट असली तरी दुधातले लोह वाढत नाही. म्हणून आज जन्मल्यानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत पिल्लाला लोहाचे इंजेक्शन देतात. आईला तेच लोह चारून पिल्लाची गरज भागत नाही. ज्याची गरज त्यालाच दिले पाहिजे.

आपल्या देशात

आपल्याकडे पशुपोषणाचे सुरुवातीचे मोठे काम गायीबैलांसाठी झाले. इज्जतनगरला के. सी. सेन यांनी देशी चारा आणि ढेपांची पोषणमूल्ये मोजली आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ती छापली. डुकराकडे लक्ष गेले ते स्वातंत्र्यानंतर. पंचवार्षिक योजनांच्या काळात विलायती यॉर्कशायर डुकरे आणून सरकारी पैदास केंद्रे काढली गेली. अलीगढ, हरिणघाटा आणि आपल्या मुंबईजवळ बोरिवली अशा ठिकाणी डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारे कारखाने उभे राहिले. १९७०-७१ मध्ये डुकरांवरचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प सुरू झाला. २००२ मध्ये गुवाहाटीजवळ राणी इथे राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र निघाले. गोव्यातल्या ‘आगोंडा गोवन’ या देशी डुकराची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली आहे.

पण विलायती जनावर आणले तेव्हा एक गोष्ट आपल्या ध्यानात उशिरा आली. देशी डुक्कर उकिरड्यावर, पडीक रानात जे मिळेल त्यावर जगते, हळूहळू वाढते आणि हळूहळू वाढण्यापुरतीच त्याची गरज असते. यॉर्कशायर किंवा लँडरेस झपाट्याने मांस धरते. त्याला उकिरड्यावर सोडले तर ते देशी डुकराहूनही मागे पडते. उलट देशी डुकराला विलायती डुकराचा महागडा खुराक दिला तर तो चरबीत आणि लघवीत जातो. जातीप्रमाणे ताट बदलले पाहिजे. ‘विलायती जात आपल्याकडे टिकत नाही’ असे म्हणून ज्यांनी धंदा सोडला, त्यांतल्या अनेकांची जात नव्हे, ताट चुकले होते.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरे सुमारे ९० लाख ६० हजार भरली. त्याआधी २०१२ मध्ये ती एक कोटी तीन लाखांच्या घरात होती. रस्त्यावर मोकाट चरणारे डुक्कर कमी होत चालले आहे. यापुढे जो पाळील त्याला वाड्यात बांधून, विकतचे खाद्य घालून पाळावे लागेल. म्हणून खाद्याचा हिशेब आता सोडता येणार नाही.

प्रत्येक डुकराला वेगळे ताट

परदेशात १९८० च्या दशकात गाभण माद्यांच्या कानात इलेक्ट्रॉनिक बिल्ला घालून, मादी कुंडीजवळ आली की तिला ओळखून तिच्या वाट्याचेच खाद्य सोडणारी यंत्रे वापरात आली. पुढची पायरी कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात शेरब्रुक इथल्या सरकारी संशोधन केंद्रात चढली गेली. तिथे कॅन्डिडो पोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत ब्राझीलचे शास्त्रज्ञही होते, वाढत्या डुकरांसाठी एक यंत्र तयार केले.

यंत्राची युक्ती समजून घ्या, कारण ती आपल्या कामाची आहे. यंत्राला दोन कप्पे असतात. एकात प्रथिने आणि लायसिन भरपूर असलेले खाद्य, दुसऱ्यात कमी असलेले. डुक्कर तोंड घालते, बिल्ल्यावरून यंत्र त्याला ओळखते. त्याने आजवर किती खाल्ले, त्याचे वजन किती आणि ते कसे वाढते आहे, यावरून त्या दिवशी त्याला किती लायसिन लागेल याचे गणित होते. मग दोन्ही कप्प्यांतले खाद्य त्या प्रमाणात मिसळून त्याच्यापुढे पडते. शेजारच्या डुकराला वेगळे मिश्रण मिळते, आणि याच डुकराला पुढच्या आठवड्यात वेगळे मिळते.

२०१४ च्या आसपास प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत असे दिसले की सगळ्या कळपाला टप्प्याटप्प्याने एकच खाद्य देण्याच्या रूढ पद्धतीपेक्षा या पद्धतीत लायसिनचा वापर सुमारे पाव हिश्श्याने घटला, वाया जाणारा नत्रही बराच कमी झाला, आणि डुकरांच्या वाढीत मात्र उणेपण आले नाही. याचे कारण सरळ आहे. कळपासाठी एकच खाद्य करायचे तर ते सर्वांत गरजू डुकराला पुरेल असे करावे लागते. मग बाकीच्यांना ते रोज जास्तच मिळते.

लोहाऱ्यात दोन डबे आणि एक फीत

तुम्ही म्हणाल, हे यंत्र आम्ही कुठून आणायचे? यंत्र नको, बंधूंनो. यंत्राचे दोन कप्पे आपण दोन डब्यांत करू आणि त्याचे गणित एका शिंप्याच्या फितीवर करू.

पहिला डबा ‘अ’ : मक्याचा भरडा २७ किलो आणि सोयाबीन पेंड ९ किलो. मक्यात सुमारे ९ टक्के आणि चांगल्या पेंडीत सुमारे ४५ टक्के प्रथिने धरली, तर या ३६ किलोत १८ टक्के प्रथिने बसतात.

दुसरा डबा ‘ब’ : मक्याचा भरडा ३१ किलो आणि सोयाबीन पेंड ५ किलो. यात १४ टक्के बसतात.

दोन्ही डबे सारख्या वजनाने मिसळले की १६ टक्क्यांचे तिसरे खाद्य आपोआप तयार होते. दर १०० किलोमागे २ किलो खनिज मिश्रण आणि अर्धा किलो मीठ घाला. मका महाग असेल तर काही भाग ज्वारीचा घ्या.

आता फीत. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मीटरमध्ये मोजा. दोन कानांच्या मधल्या जागेपासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी गुणिले ६९.३, म्हणजे वजन किलोत. घेर ०.९० आणि लांबी १ मीटर असेल तर वजन सुमारे ५६ किलो. काट्याइतके अचूक नाही, पण अंदाजापेक्षा पुष्कळ बरे. पंधरा दिवसांनी एकदा, सकाळी खाद्य घालण्यापूर्वी मोजा आणि वहीत लिहा.

संकरित डुकरांसाठी साधारण नियम असा ठेवा. ३५ किलोपर्यंत ‘अ’. ३५ ते ६० किलोपर्यंत निम्मे ‘अ’, निम्मे ‘ब’. त्यापुढे विक्रीपर्यंत ‘ब’. वीस किलोच्या जनावराला दिवसाला एक किलोच्या आसपास, पन्नास किलोच्याला दोन किलो, ऐंशीच्या पुढे अडीच ते तीन किलो. दूध पिणाऱ्या पिल्लांसाठी याहून जास्त प्रथिनांचे, २० टक्क्यांच्या पुढचे वेगळे खाद्य लागते. गाभण आणि व्यायलेल्या मादीचे ताटही वेगळे असते; ते पशुवैद्यकांना विचारून ठरवा.

आणि यातली कळीची गोष्ट. गट वयाप्रमाणे करू नका, वजनाप्रमाणे करा. एकाच वेतातले एक भावंड पंचेचाळीस किलोचे आणि दुसरे तिशीचे असते. दोघांना एका कुंडीवर सोडले तर मोठे लहानाला ढकलून देते. लहान्याला ‘अ’ हवे असते आणि त्यालाच ते मिळत नाही. एक आडवी फळी टाकून त्याला वेगळे केले, तर ते मागचे भावंडही विक्रीला येते.

याने वाचते किती, तेही पाहा. सत्तर किलोच्या डुकराला ‘ब’ ऐवजी ‘अ’ घालत राहिलात, तर दर ३६ किलो खाद्यात ४ किलो पेंड मक्याच्या जागी जास्त जाते. रोज अडीच किलोप्रमाणे ६० दिवसांत एक डुक्कर १५० किलो खाद्य खाते. म्हणजे जवळजवळ १७ किलो पेंड फुकट. दहा डुकरांमागे दीड क्विंटलहून अधिक! पेंडीचा भाव तुम्हाला ठाऊक आहेच. त्यातून मक्याचा भाव वजा करा आणि बाकी वहीत मांडा.

शेवटी थोडी सावधगिरी

हॉटेलातले आणि लग्नाच्या पंगतीतले उष्टे स्वस्त मिळते म्हणून अनेक जण ते डुकरांना घालतात. त्यात आज काय आहे आणि उद्या काय असेल, हे कुणालाच सांगता येत नाही. मग मापाने खुराक कसला? त्याहून मोठा धोका रोगाचा. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये पसरलेल्या लाळ्या-खुरकत रोगाचा माग न शिजवलेल्या उष्ट्यापर्यंत लागला, आणि तिथे उष्टे चारण्यावर बंदी आली. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग भारतात पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांचे वाडेच्या वाडे रिकामे करतो, आणि त्यावर औषधोपचार नाही. डुकराच्या मांसाचे तुकडे असलेल्या उष्ट्यातूनही तो पसरतो. म्हणून मांस असलेले उष्टे घालूच नका. घरचे भाजीपाल्याचे, भाताचे उरलेले घालायचे तर चांगले उकळून, तेही खुराकाच्या जोडीला, खुराकाच्या जागी नव्हे.

भुईमुगाची बुरसलेली ढेप, काळा पडलेला मका हेही टाळा. १९६० मध्ये इंग्लंडात अशाच बुरसलेल्या भुईमुगाच्या पेंडीने लाखाहून अधिक टर्की कोंबड्या मेल्या, तेव्हा अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळले. डुकराला, विशेषतः पिल्लांना, तेही सोसत नाही.

चोवीस तास स्वच्छ पाणी ठेवा. यवतमाळच्या उन्हाळ्यात पाणी कमी पडले की डुक्कर खाणे सोडते, मग ‘अ’ आणि ‘ब’ दोन्ही डबे झाकूनच ठेवावे लागतील. खाद्य बदलायचे असेल तेव्हा चार-पाच दिवसांत हळूहळू बदला. एखादे जनावर धापा टाकत असेल, खाणे सोडून बसले असेल, तर आधी त्याच्या कुंडीत काय पडले ते आठवा आणि लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. सरकीची ढेप चुकून घातली गेली असेल तर लाजू नका, तसे स्पष्ट सांगा. ते कळले तर बाकीची जनावरे वाचवता येतात.

या पंधरवड्याला एवढे एकच काम करा. फीत आणा, वही आणा, आणि आपल्या वाड्यातल्या प्रत्येक डुकराचे वजन लिहून काढा. कोणते पुढे आहे, कोणते मागे आहे, हे कागदावर दिसले की कुणाला कोणत्या डब्यातले द्यायचे हे तुमचे तुम्हालाच कळेल.